आक्काचे तीन मुखत्यार

जानेवारी २०२५ मधल्या एका पहाटे माझी थोरली बहीण, आम्हा सर्वांची आक्का, न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. जयसिंगपूरहून मिरज लांब नाही. तासाभरात आम्ही तिला इस्पितळात पोहोचवले. प्रवेशाच्या खिडकीवर मी मोठ्या विश्वासाने आरोग्य विम्याचे कार्ड पुढे केले. आतल्या मुलीने संगणकात क्रमांक घातला, पुन्हा एकदा घातला, आणि आवाज उतरवून म्हणाली, "काका, ही पॉलिसी बंद झालेली आहे."

अडतीस वर्षे बँकेत काढलेला, पैशाच्या बाबतीत घरात ज्याचा शब्द शेवटचा मानतात असा मी, त्या खिडकीसमोर काही क्षण नुसता उभा राहिलो.

शस्त्रक्रिया वेळेवर झाली, आक्का आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते, हे आधीच सांगून टाकतो. इस्पितळाचे पावणेतीन लाखांचे बिल तिच्याच मुदत ठेवी मोडून भागवले. पैशाची चणचण नव्हतीच. पैसा असूनही हप्ता भरला गेला नाही, ही गोष्ट मला झोपू देईना. म्हणून इस्पितळातून परतल्यावर मी, एखाद्या शाखेची तपासणी करावी तसा, सगळा माग काढीत बसलो.

दाजी २०१९ मध्ये गेले. तेव्हापासून आक्काचे व्यवहार मी पाहतो. भाचा पुण्यात सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आहे. २०२२ च्या भाऊबीजेला आम्ही मामा-भाच्यांनी एकत्र बसून आक्काची दगदग वाचावी म्हणून तीन स्वयंचलित व्यवस्था लावून दिल्या. पहिली अशी की दर महिन्याच्या १ तारखेला बचत खात्यात ३५,००० रुपयांवर जे असेल ते आपोआप मुदत ठेवीत जावे. दुसरी, ३ तारखेला वीज आणि फोनची बिले भरली जावीत. तिसरी, दर वर्षी ५ नोव्हेंबरला आरोग्य विम्याचा हप्ता खात्यातून वजा व्हावा. ३५,००० हा आकडा माझा. तेव्हा हप्ता ३१,२०० रुपये होता, बिले १,९०० च्या आसपास. वर थोडी शिल्लक राहील असा हिशोब करूनच मी तो ठरवला होता. दोन वर्षे सारे घड्याळासारखे चालले. व्याज जास्त मिळू लागले म्हणून आक्काने मला एकदा बुंदीचे लाडूही धाडले.

२०२४ मध्ये वयाचा टप्पा ओलांडल्यामुळे हप्ता ३८,६४० रुपये झाला. १ नोव्हेंबरला पहिल्या व्यवस्थेने जास्तीची रक्कम ठेवीत टाकली, ३ तारखेला दुसरीने बिले भरली, आणि ५ तारखेला तिसरी आली तेव्हा खात्यात ३३,१०० रुपये होते. ५,५४० रुपये कमी पडले. त्या दिवशी आक्काच्या नावावर सहा लाखांहून अधिक मुदत ठेव होती. पुढे ३० नोव्हेंबरला कुटुंब निवृत्तिवेतन जमा झाले. ग्रेस पीरियडचे तीस दिवस अजून संपायचे होते आणि ती एक रात्र खात्यात हप्त्यापुरते पैसे होते. दुसऱ्या दिवशी १ डिसेंबर. पहिल्या व्यवस्थेने ते इमानेइतबारे उचलून पुन्हा ठेवीत नेऊन ठेवले.

कोणी कळवले नाही असेही नाही. आपोआप वजा होणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी खातेदाराला गेलीच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, आणि ती गेली होती. हप्ता परत गेल्याचा संदेश गेला होता, विमा कंपनीची स्मरणपत्रे गेली होती. सगळी दाजींच्या मोबाइलवर. तो फोन आक्काने त्यांच्या चष्म्याशेजारी कपाटात ठेवला आहे. तो नंबर बंद पडू द्यायला ती तयार नाही, म्हणून भाचा आठवणीने रिचार्ज करीत असतो. खात्यावरचे नाव आम्ही बदलले, नंबर बदलायचा राहिला. हजारो ग्राहकांना ‘नंबर अद्ययावत करा’ असे बजावणारा मी, माझ्या बहिणीच्या खात्यावर विसरलो. फोन सुरू केला तेव्हा त्यात अकरा संदेश होते.

तपासणी अहवालात शेवटी जबाबदारी निश्चित करावी लागते. इथे ती करता येईना. ठेवीच्या व्यवस्थेने सांगितले तेच केले, बिलांच्या व्यवस्थेने तेच केले, हप्त्याच्या व्यवस्थेनेही तेच केले. तिघांपैकी एकानेही हयगय केली नव्हती, आणि तरीही आक्काचे अनेक वर्षांचे विमासंरक्षण गेले होते.

भाचा भेटायला आला तेव्हा मी हा कागद त्याच्यापुढे ठेवला. तो वाचून म्हणाला, "मामा, आमच्या विषयातला हा अगदी पहिल्या धड्यातला प्रश्न आहे. आपण आईच्या खात्यावर तीन एजंट नेमले, आणि त्यांची एकमेकांशी ओळखच करून दिली नाही."

त्यानंतर चार-पाच रविवार मी त्याच्याकडून हा विषय समजून घेतला. काही स्वतः वाचले. वाणिज्य शाखेच्या माणसाला समजला तेवढा सांगतो.

१९९५ मध्ये मायकेल वुल्ड्रिज आणि निकोलस जेनिंग्ज या दोन संशोधकांनी एका निबंधात सॉफ्टवेअर एजंटाची जी लक्षणे मांडली, ती आजही अभ्यासक्रमात शिकवतात. एजंट म्हणजे असा आज्ञासंच, जो प्रत्येक पावलाला मालकाला न विचारता स्वतः काम करतो. भोवतालच्या बदलाला वेळेवर प्रतिसाद देतो. नेमलेले उद्दिष्ट गाठण्यासाठी आपण होऊन पुढाकार घेतो. आणि इतर एजंटांशी किंवा माणसांशी व्यवहार करू शकतो. मला यासाठी आपला जुना शब्द आठवला, मुखत्यार. घराची उष्णता ठराविक ठेवणारे साधे यंत्रही या शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसते, आणि आक्काच्या तिन्ही व्यवस्था त्याच पायरीवरच्या. त्यांना बुद्धिमान म्हणणे म्हणजे शिपायाला साहेब म्हणण्यासारखे आहे. वरच्या पायरीवरचा मुखत्यार आपल्या मनाशी तीन वह्या ठेवतो असे समजावे. जगाविषयी त्याला जे खरे वाटते ती एक, त्याला जे व्हावेसे वाटते ती दुसरी, आणि त्यांतले जे करण्याचे त्याने ठरवले आहे ती तिसरी. या मांडणीचे मूळ मायकेल ब्रॅटमन या तत्त्वज्ञाच्या १९८७ च्या ग्रंथात आहे. हे तत्त्वज्ञान माणसाच्या संकल्पाविषयी होते. संगणकवाल्यांनी ते उचलून यंत्राला लावले. संकल्प केला की माणूस क्षणाक्षणाला तो बदलत नाही, पण परिस्थिती फिरली तर त्याला चिकटूनही राहत नाही. हा तोल यंत्रात कसा आणायचा, यावर या मंडळींनी बरीच वर्षे घालवली आहेत. आक्काच्या तिघांजवळ फक्त तिसरी वही होती.

एकाऐवजी अनेक मुखत्यार एकत्र आले की बहुएजंट प्रणाली होते. तिथे सर्वांवर एक साहेब असतोच असे नाही. १९८० मध्ये रीड स्मिथ यांनी काम वाटून घेण्याची एक रीत मांडली. ज्याच्याकडे काम आहे त्याने ते जाहीर करावे, ज्यांना जमेल त्यांनी बोली द्यावी, जाहीर करणाऱ्याने योग्य बोली निवडून काम सोपवावे. आणि काम मिळालेल्याने हवे तर त्याचे तुकडे पाडून पुन्हा जाहीर करावे. हे वाचून मला हसू आले. सार्वजनिक बांधकाम खात्याचे टेंडर आणि त्यावरचे पोटकंत्राट याहून ते काय निराळे आहे! पण यंत्रे ते काही क्षणांत आणि चहापाण्याशिवाय उरकतात, हा फरक आहे. मोठ्या गोदामांत शेकडो चालती यंत्रे मालाची मांडणी उचलून कामगारापर्यंत आणतात आणि एकमेकांवर आदळत नाहीत, ते अशाच समन्वयाच्या जोरावर. ॲमेझॉनने २०१२ मध्ये अशी यंत्रे बनवणारी किव्हा सिस्टिम्स ही कंपनी साडेसत्त्याहत्तर कोटी डॉलरना घेतली. म्हणजे विषय पोरखेळ नव्हे.

पण मला आक्काच्या खात्यासारखी उदाहरणे हवी होती, आणि ती मिळाली.

२०११ च्या एप्रिलमध्ये मायकेल आयझेन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की माशीच्या जडणघडणीवरचे पीटर लॉरेन्स यांचे एक जुने शास्त्रीय पुस्तक ॲमेझॉनवर लक्षावधी डॉलरना विक्रीला आहे. ते चढत चढत २,३६,९८,६५५ डॉलर आणि ९३ सेंटपर्यंत गेले. टपालखर्च ३ डॉलर ९९ सेंट वेगळा! पुस्तकाच्या नव्या प्रतीचे दोन विक्रेते होते आणि दोघांनीही किंमत ठरवण्याचे काम यंत्राकडे सोपवले होते. पहिल्याचा नियम असा होता, दुसऱ्याच्या किमतीच्या ०.९९८३ पट ठेवायची, म्हणजे आपण किंचित स्वस्त दिसू. दुसऱ्याचा नियम, पहिल्याच्या किमतीच्या १.२७०५८९ पट. त्याच्याकडे बहुधा पुस्तक नव्हतेच. गिऱ्हाईक आले तर पहिल्याकडून घेऊन नफ्यावर द्यावे, असा त्याचा बेत असावा, असे आयझेन यांचे अनुमान. दोन्ही नियम वेगवेगळे पाहिले तर व्यापारात शहाणपणाचेच आहेत. त्यांचा गुणाकार मात्र एकाहून मोठा आहे, एवढे कोणी पाहिले नाही. चक्रवाढ व्याज शिकवताना मला हे उदाहरण मिळायला हवे होते.

दुसरे उदाहरण हसण्यासारखे नाही. ६ मे २०१० रोजी दुपारी २ वाजून ३२ मिनिटांनी अमेरिकेतल्या एका गुंतवणूक संस्थेने निर्देशांकाचे ७५,००० वायदे विकण्याचे काम एका आज्ञासंचाकडे दिले. किंमत सुमारे ४१० कोटी डॉलर. त्याला सांगितले होते, मागच्या मिनिटात बाजारात जेवढी उलाढाल झाली तिच्या ९ टक्के विकत राहा. भाव आणि वेळ पाहू नकोस. समोर घेणारेही यंत्रेच. त्यांनी घेतलेला माल ती एकमेकांना भराभर विकू लागली, जसा तापलेला तवा हातात धरवत नाही म्हणून शेजाऱ्याच्या हाती द्यावा. त्यामुळे उलाढाल फुगली. उलाढाल फुगली म्हणून पहिला आज्ञासंच आणखी वेगाने विकू लागला. डाऊ जोन्स निर्देशांक दिवसभरात जवळजवळ हजार अंशांनी खाली गेला. काही नामांकित शेअर एका सेंटला विकले गेले. २ वाजून ४५ मिनिटे २८ सेकंदांनी वायदेबाजाराच्या स्वतःच्या नियमानुसार व्यवहार थांबले. किती वेळ? पाच सेकंद. पुन्हा सुरू झाले तेव्हा भाव सावरू लागले होते.

ते पाच सेकंद माझ्या डोक्यातून जाईनात. एम.कॉम.च्या आधी, बी.कॉम.ला असताना, आम्हाला व्यापारी कायदा होता. आमचे प्राध्यापक भारतीय करार अधिनियम, १८७२ यातले एजन्सीचे दहावे प्रकरण रंगवून शिकवीत. परवा ते पुन्हा काढून वाचले. मालकाने मागितल्यावर एजंटाने चोख हिशोब द्यावा, हे कलम २१३. जे काम स्वतः करण्याचे पत्करले ते एरवी दुसऱ्यावर सोपवू नये, हे कलम १९०. आणि या दोहोंपेक्षा मला भिडले ते कलम २१४. त्याचा आशय असा की अडचणीचा प्रसंग आला तर एजंटाने शक्य ती सर्व खटपट करून मालकाशी संपर्क साधावा आणि त्याची आज्ञा घ्यावी. दीडशे वर्षांपूर्वी, तार जेमतेम पसरू लागली होती त्या काळात, हे लिहिले गेले.

हे कलम मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिले होते. आमचे आप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा मुखत्यारच. शेतकरी हळद दुकानात टाकून गावी जातो. सौदा, तोलाई, हमाली, पट्टी सारे अडत्या पाहतो. एकदा कृष्णाकाठचा एक शेतकरी अमुक भावाच्या खाली देऊ नका असे बजावून गेला. सौद्याच्या दिवशी बाजार उतरता, आणि सगळा माल एकरकमी घेणारा खरीददार सांगितल्यापेक्षा थोड्या कमी भावाला तयार. दुकानमालक म्हणाले, देऊन टाका, उद्या हाही भाव मिळणार नाही. आज्ञा पाहिली तर देता येत नव्हते, हित पाहिले तर द्यावेसे वाटत होते. आप्पांनी खरीददाराला दुपारपर्यंत थांबवले आणि हमालाच्या पोराला सायकलवर गावी पिटाळले. पोरगा घामाघूम होऊन निरोप घेऊन आला, "निम्मी द्या, निम्मी हरिपूरच्या पेवात राहू द्या." हे उत्तर आप्पांना सुचले नव्हते, मालकांनाही नाही. घरी लग्न होते म्हणून शेतकऱ्याला थोडा पैसा हवा होता, हे फक्त त्यालाच ठाऊक.

मी ही कथा भाच्याला सांगून म्हटले, तुमच्या मुखत्याराला कलम २१४ शिकवा, म्हणजे झाले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, आजोबांना अडचण दिसत होती. १ नोव्हेंबरला आपल्या ठेवीच्या व्यवस्थेला कोणती अडचण होती? तिचं काम तर सुरळीत झालं. बिलांचंही झालं. अडचण एकाजवळही नव्हती, ती तिघांच्या मधल्या जागेत होती. तिथे उभं कोण होतं?"

मला उत्तर देता आले नाही, आणि आपला भाचा आपल्यापुढे गेला याचा त्या दुःखातही आनंद झाला. नंतर विचार करताना जुने क्लिअरिंग हाऊस आठवले. चेक हातोहात वटवण्याच्या त्या दिवसांत प्रत्येक बँकेचा प्रतिनिधी आपले गठ्ठे घेऊन एका खोलीत येई. एकमेकांवर आमचा हुकूम चालत नसे. पण कोणाचे कोणाला किती देणे आहे, हे त्या टेबलावर सर्वांसमोर मांडले जाई, आणि बेरीज जुळेपर्यंत एकालाही उठता येत नसे. तीन रुपयांच्या फरकासाठी आम्ही दिवेलागणीपर्यंत बसलेलो आहोत. आक्काच्या मुखत्यारांना असे टेबल नव्हते. पाच तारखेचे देणे एक तारखेला ठेवीच्या व्यवस्थेपुढे मांडलेले असते, तर ३५,००० हा माझा मेलेला आकडा तिला पाळावाच लागला नसता. बहुएजंट प्रणालीचे शास्त्र मोठ्या भाषेत ज्याला परस्परांच्या बांधिलकीची जाणीव म्हणते, ते माझ्या मते एवढेच आहे.

राहिला प्रश्न जबाबदारीचा. यंत्र ही कायद्याने व्यक्ती नाही, त्यामुळे करार अधिनियमाच्या अर्थाने ते एजंट होऊच शकत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ११ सांगते की कोणाच्या वतीने आपोआप चालण्यासाठी लावलेल्या यंत्रणेने पाठवलेला अभिलेख त्याचाच मानावा. सरळ अर्थ, लावून देणारा सुटत नाही. विमा कंपनीला मी तीन पत्रे लिहिली. उत्तर सभ्य आणि ठाम आले. आक्काला नवी पॉलिसी घ्यावी लागेल, जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून, आणि वयामुळे हप्ता जबर. या दोन वर्षांत माझ्या युक्तीने तिला जास्तीचे किती व्याज मिळाले, ते मी एका कागदावर मांडले, आणि तो कागद फाडून टाकला. आक्का मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

भाच्याचा बेत आता असा आहे की या तिघांवर देखरेख करणारा एक नव्या धाटणीचा मुखत्यार ठेवायचा, जो संदेश वाचेल, पुढच्या महिन्याची देणी आधी मांडून पाहील आणि बोलून विचारीलही. मी त्याला एक पानभर अधिकारपत्र लिहून दिले, शाखाधिकाऱ्याला देतात तसे. ठरलेल्या रकमेपुढे त्याला अधिकार नाही. काम परस्पर दुसऱ्या मुखत्याराकडे द्यायचे नाही. महिन्याचा हिशोब मराठीत, कागदावर. आणि नेहमीपेक्षा निराळे काही दिसले तर आक्काला फोन करायचा, संदेश पाठवून मोकळे व्हायचे नाही. ती हो म्हणेपर्यंत परत फिरवता न येणारे काही करायचे नाही. भाच्याने एकच हरकत घेतली. निराळे म्हणजे किती निराळे, हे ठरवावे लागेल. फार विचारू लागला तर आई फोन उचलायची बंद होईल. हरकत रास्त आहे. त्यावर आमचा वाद अजून चालू आहे.

तोवर चाचणी म्हणून त्याला एकट्या वीजबिलाचे काम दिले आहे, आणि विम्याचे, ठेवीचे सारे माझ्या वहीत, माझ्या हाताने. मे महिन्याचे बिल दुपटीने आले तेव्हा त्याने नियमाप्रमाणे आक्काला फोन केला. मी तिथेच बसलो होतो. बिल नेहमीच्या दुप्पट आहे, भरू का, असे त्याने विचारले. आक्काने फोन कानाशी धरून सविस्तर उत्तर दिले, "सुट्टीला पोरंबाळं आली होती, कूलर दिवसभर चालला. भर तू. पुढच्या महिन्यात निम्मंच येईल बघ." जूनचे बिल अजून यायचे आहे.